ठाणे ते नागपूर: आई विमानाने, मी समृद्धीने

मे महिन्यात मावसभावाच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं. आईचे गुडघे धरतात, म्हणून ती आणि दादा विमानाने गेले. अहेराचं सामान आणि आम्ही चौघं गाडीने.

मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने ८३७. आणि समृद्धी महामार्ग ७०१! म्हणजे रस्ता जवळजवळ विमानाच्याच रेघेवरून गेलाय. पण हे ७०१ भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरबाहेरच्या शिवमडक्यापर्यंतचे. घरापासून आमणे आणि शिवमडक्यापासून नागपुरातलं प्रतापनगर, जिथे आम्हाला पोचायचं होतं, ते वेगळं मोजा. पहाटे पाचला निघूनही भिवंडीच्या ट्रकांनी आमची पाऊण तासाची चटणी केलीच.

पुढे मात्र कसारा घाट कधी संपला ते कळलंही नाही. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, बाहेर पडलात की इगतपुरी. पूर्वी इथे ट्रकमागे तासन्‌तास रखडलोय.

खरी परीक्षा शिर्डीनंतर. सरळ रस्ता, वळण नाही, गाव नाही, दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं. गाड्यांना १२० ची मुभा आहे, पण जालन्याच्या पुढे माझे डोळे उघडे असूनही दहा-पंधरा किलोमीटर कसे गेले ते आठवेना. तिथेच घाबरून गाडी बायकोच्या हाती दिली. तेव्हा दुसरा चालवणारा सोबत हवाच. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा, झोप आली तर सरळ बाहेर पडून झोपा. सिमेंटचा रस्ता उन्हात तापतो, जुने टायर घेऊन जाऊ नका, हवा आदल्या दिवशीच तपासा. पंप आणि खाण्याची ठिकाणं लांब-लांब आहेत. टाकी भरून निघा, दशम्या-चटणी बांधून घ्या. लोणार पाहायचं असेल तर मेहकरला उतरता येतं. आम्हाला हळदीची घाई होती.

तीन थांबे धरून सव्वातीनला प्रतापनगरला पोचलो, म्हणजे सव्वादहा तास. दादा आठला घरून निघून दीडला जेवायला बसलेला. विमान हवेत जेमतेम दीड तास; बाकी वेळ टॅक्सी, तपासणी आणि पट्ट्यावरच्या बॅगेचा. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराला चिकटूनच आहे, हा मोठा फायदा.

खर्च: टोल १,४४५ रुपये, पेट्रोल पावणेपाच हजारांच्या आसपास. चौघांत वाटलं तर गाडी परवडते. एकटेदुकटे असाल किंवा सोबत म्हातारं माणूस असेल तर सरळ विमान. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे.

एक चूक आम्ही केली, तुम्ही करू नका. पहाटे पूर्वेला निघालो, त्यामुळे साडेआठपर्यंत सूर्य थेट काचेवर. काळा चष्मा सामानात, सामान डिकीत, डिकीवर अहेराची भांडी. परतीला तीच पहाटेची वेळ धरली, तर ऊन पाठीशी राहिलं आणि दुपार कलायच्या आत इगतपुरी गाठली.