परळ, झेवियर्स आणि आत्याची जर्सी

रविवार, रात्री उशिरा

बारावी झाली, नीटचे मार्क हातात आले आणि आता घरात दुसरा विषयच नाही. माझा प्रश्न आहे काय शिकायचं, पप्पा आणि आजीचा प्रश्न आहे कुठे शिकायचं, आणि त्यांचं "कुठे" म्हणजे ख्रिश्चन कॉलेजच. आजी म्हणते आपल्या लोकांच्या कॉलेजात असलीस की मला घोर नाही. पप्पांचं जरा हिशेबी असतं, मायनॉरिटी कोटा आहे, भायखळ्याहून जवळ पडतं, नाव मोठं. झेवियर्स १८६९ चं, जेझुइट फादरांचं. विल्सन त्याहून जुनं, १८३२ चं, स्कॉटिश मिशनवाल्यांचं. आम्ही प्रोटेस्टंट म्हणून आजीचा कल विल्सनकडे, जसं काही लॅबमधले बेडूकपण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे वेगळे ठेवलेले असतात.

बेडूक तर आता चिरायलाच मिळत नाही म्हणा. काका झूऑलॉजीवाला, त्याच्या डिसेक्शनच्या गोष्टी ऐकत मोठी झाले पण यूजीसीने २०१४ मध्ये ते बंदच करून टाकलं. तसं ते बरंच झालं, पण मग झेवियर्स-विल्सनला झूऑलॉजीच्या बीएस्सीत हाताला लागणार काय तर स्लाइड्स, मॉडेल्स, जेनेटिक्स, इकॉलॉजी. वाईट नाहीये ते. पक्षितज्ज्ञ सलीम अलींना झूऑलॉजीकडे वळवलं ते झेवियर्सच्याच फादर ब्लॅटर यांनी, आणि हे फादर स्वतः वनस्पतीवाले. पक्षी, फुलपाखरं, समुद्रातले जीव यात ज्याला रमायचंय त्याने डोळे झाकून जावं तिकडे.

मला गाय पाहिजे. खरी, शेण टाकणारी.

श्रीरामपूरजवळ आत्याचा गोठा आहे, सुट्टीत आम्ही सगळी पोरं तिकडेच. तिच्या एका जर्सीला दगडी झाली होती, कास दगडासारखी कडक आणि दुधात गुठळ्या, उपचाराला उशीर झाला आणि एक सड कायमचा गेला. नंतर आलेल्या डॉक्टरांनी आत्याला सांगितलं की धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, गाय तशीच शेणात बसली की जंतू आत शिरतात, म्हणून धार झाली की पुढ्यात वैरण टाकायची म्हणजे ती खात उभी राहते. बस एवढंच. बिनपैशाचा उपाय, आणि आत्या इतकी वर्षं गाई सांभाळतेय तरी तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला तेव्हापासून हे शिकायचंय, कधी माजावर येते, कालवड कधी भरवायची, काय खाऊ घालायचं, सगळं.

आणि मुंबईत हे शिकवतात परळला. बॉम्बे व्हेटर्नरी, १८८६ चं, सरकारी, नागपूरच्या माफसू म्हणजे पशुविज्ञान विद्यापीठाच्या हाताखाली. पुढे बैलघोडा हॉस्पिटल आहेच. साडेपाच वर्षं, त्यात शेवटचं इंटर्नशिपचं, ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के ऑल इंडियाच्या, सगळं नीटवर. चॅपल नाही, फादर नाही, आजीसाठी विषय संपला :(

आज उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला, अलाहाबादचं हिगिनबॉटम, म्हणजे मिशनचं शेतकी कॉलेज. हे मात्र मला आवडलं. सॅम हिगिनबॉटम मिशनरी म्हणून आले, कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवायचे, पण आजूबाजूची शेती बघून परत अमेरिकेत जाऊन शेतकी शिकून आले. ती संस्था १९१० ची, शेती आणि डेअरी दोन्हीचं तिथलं काम जुनं. म्हणजे ख्रिश्चन आणि गाय दोन्ही एका जागी. पण मम्मी लगेच म्हणाली एवढ्या लांब, यमुनेकाठी? तिथे आजीपण गप्प, कारण देवाच्या जवळ असलं तरी घरापासून लांब चालत नाही.

आजीची खरी भीती वेगळीच आहे, मला वाटतं. तिने हळूच विचारलं, माकडापासून माणूस झाला हे शिकवतात का गं तिकडे? म्हटलं आजी, ते झेवियर्समध्येपण शिकवतात, आणि पोप जॉन पॉल दुसरे १९९६ मध्येच म्हणालेत की उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. तर म्हणते, ते त्यांचे पोप. घ्या.

पप्पांना मी अमूलवाल्या कुरियनचं उदाहरण दिलं, मद्रासच्या लोयोलात म्हणजे जेझुइटांकडेच शिकले पण फिजिक्स, आणि दुधाचं सगळं आणंदला जाऊन शिकले. पप्पा म्हणाले बघ, म्हणजे कॉलेज कुठलंही चालतं. मी म्हटलं मग परळ चालेल? तर पेपर वाचायला लागले.

माझं ठरलंय. पहिला चॉइस परळ, तिथे नंबर नाही लागला तर विल्सन, आजी पण खूश. आत्याला फोन केला, ती म्हणाली पोरी लवकर डॉक्टर हो, इथे रात्री कोणी येत नाही. उद्या पाळकसाहेबांकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणायचाय, कोट्यासाठी लागेल, आणि डोमिसाइल अजून नगरच्या पत्त्यावर आहे का ते बघायचंय.