साईट त्यांची, पण गूगलच्या लेखी ओनर भलताच

साईट गूगलवर दिसत नाही अशी तक्रार घेऊन जे क्लायंट येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी सर्च कन्सोल, म्हणजे साईटवाल्यांसाठी गूगलने दिलेलं साधन, हे नावसुद्धा ऐकलेलं नसतं, आणि ज्यांनी ऐकलेलं असतं त्यांची पक्की समजूत असते की साईट व्हेरिफाय केली, म्हणजे ती आपली आहे हे गूगलला दाखवून दिलं, की ती वर येते. तसं काही नसतं हो. व्हेरिफाय केल्याने रँकिंग तसूभरही हलत नाही. होतं काय, तर गूगलला तुमची साईट कशी दिसते, कुठली पानं त्याने घेतली, कुठली टाकून दिली, लोक काय शोधत असताना तुम्ही दिसलात, हे सगळं तुम्हाला बघायला मिळतं आणि काही गडबड झाली तर गूगल तुम्हाला मेल करतं. मी हे पहिल्याच फोनवर सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नकोत.

ही केस एका छोट्या फर्मची. साईटवर पानं जेमतेम तीस-चाळीस, जुन्या डेव्हलपरने बनवून दिलेली, तो कधीच निघून गेलेला, आणि साईटचं सगळं बघायचं काम आपोआप तिथल्या अकाउंटवाल्या काकांच्या गळ्यात पडलेलं. काका भला माणूस, पण होस्टिंग (साईटच्या फाईल्स ठेवायची जागा) आणि डोमेन (साईटचं नाव) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही, कोणी सांगितलंच नव्हतं तर कळणार कुठून.

मला खरं तर डोमेन प्रॉपर्टी करायची होती. प्रॉपर्टी म्हणजे सर्च कन्सोलमध्ये साईटची नोंद. २०१९ पासून सर्च कन्सोलमध्ये ही सोय आहे, एकदा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंग्जमध्ये, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक नोंद) टाकला की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं, नसलेलं, एचटीटीपी, एचटीटीपीएस, सबडोमेन, सगळं एका छत्राखाली येतं. पण त्याला डोमेनचं लॉगिन लागतं आणि ते जुन्या डेव्हलपरने कुठल्यातरी ईमेलवर घेतलेलं जो आता कोणी उघडत नाही. मग होस्टिंगचं लॉगिन होतं त्यावर भागवायचं ठरवलं, म्हणजे यूआरएल प्रीफिक्स वाली, एकाच ठरावीक पत्त्याची प्रॉपर्टी. यात पत्ता जसाच्या तसा टाकावा लागतो, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू टाकायचं राहिलं तर ती गूगलच्या दृष्टीने वेगळीच प्रॉपर्टी. गूगल एक छोटी एचटीएमएल फाईल देतं, नावात गूगल आणि पुढे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ, आत एकच ओळ. ती साईटच्या मुळाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, ठेवायची आणि व्हेरिफाय दाबायचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. गूगल तुमच्याकडे कागद मागत नाही, डोमेनचं बिल मागत नाही, फर्म कोणाच्या नावावर आहे हे विचारत नाही. अमुक ठिकाणी अमुक वस्तू ठेवून दाखवा, एवढंच. मेटा टॅग (पानाच्या कोडमधली एक ओळ) असो, फाईल असो, टीएक्सटी रेकॉर्ड असो, अ‍ॅनालिटिक्सचा कोड असो, तत्त्व एकच. ज्याला साईटवर हात घालता येतो तो ओनर.

फाईल टाकली, व्हेरिफाय झालं. आता नवीन प्रॉपर्टी असली की रिपोर्ट रिकामे असतात, डेटा गोळा करतोय, एखाद दिवसाने बघा असं काहीतरी लिहिलेलं येतं. इथे पहिल्याच क्लिकला ग्राफ भरलेला. मी म्हटलं वा, म्हणजे जुन्या डेव्हलपरने आधीच प्रॉपर्टी केली असणार, बरं झालं. मग ग्राफ नीट बघितला. क्लिक्स किरकोळ पण इंप्रेशन्स, म्हणजे साईट शोधात किती वेळा दिसली तो आकडा, एका आठवड्यानंतर जे वर चढलेत ते खाली आलेच नाहीत, आणि शोधशब्दांच्या यादीत फर्मचं नाव कुठेच नाही, तिच्या कामाशी संबंधित एक शब्द नाही, सगळे शब्द जपानी लिपीत. देशांच्या टॅबवर गेले तर पहिला नंबर जपान. साईट दिसत नाही म्हणून ज्यांची झोप उडाली होती त्यांची साईट दिसत होती, चांगली दणकून दिसत होती, फक्त जपानमध्ये.

हा प्रकार या धंद्यात ओळखीचा आहे, जपानी कीवर्ड हॅक म्हणतात त्याला, गूगलच्या मदत पानांवर यावर वेगळं पान आहे. साईटमध्ये घुसायचं, हजारो जपानी पानं आपोआप तयार करायची आणि त्यावरून ब्रँडेड मालाच्या नकली दुकानांकडे लोकांना ढकलायचं. मी ऐकून होते, वाचून होते, पण स्वतःच्या हाताखालच्या साईटवर बघायला हे पहिल्यांदाच मिळालं.

सेटिंग्जमध्ये युजर्स अँड परमिशन्स उघडलं. एक मी, नुकतीच झालेली, आणि दुसरा एक जीमेल आयडी, अर्थ नसलेली अक्षरं एकापुढे एक. समोर लिहिलेलं, ओनर. काकांना फोन लावला, हा आयडी तुमच्यापैकी कोणाचा? "नाही हो मॅडम, हे तर मला वाचताही येत नाहीये." साहेबांचा? साहेबांना विचारून आले, त्यांचाही नाही. जुन्या डेव्हलपरचा? तो तर स्वतःच्या नावाचा आयडी वापरायचा, मेल आहेत अजून.

आता त्या माणसाचं व्हेरिफिकेशन फाईलवरून झालेलं दिसत होतं, म्हणजे त्याची फाईल साईटवर असायला हवी. फाईल मॅनेजर उघडून मुळातला फोल्डर वरून खाली बघितला. माझी फाईल आहे, त्याची नाही. लपवलेल्या फाईल्स दाखव म्हटलं तरी नाही. मग मदत पानावर जी युक्ती दिली आहे ती केली, ब्राउझरमध्ये साईटचा पत्ता आणि पुढे गूगल१२३४ डॉट एचटीएमएल, अर्थात इंग्रजी आकड्यांत. अशी फाईल जगात कोणी बनवलेली नाही, मी तिथल्या तिथे मनाने टाकलेलं नाव. उत्तर यायला हवं ४०४, म्हणजे असं पान नाही. आली एक शांत पांढरी स्क्रीन आणि त्यावर एकच ओळ, गूगल साईट व्हेरिफिकेशन, कोलन, आणि पुढे मी टाकलेलं तेच नाव. मी नाव बदललं, वाटेल ती बटणं दाबून काहीतरी टाकलं. तेही परत आलं, जसंच्या तसं.

डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाईल असते, सर्व्हरला नियम सांगणारी, त्यात खाली भरपूर रिकाम्या ओळी सोडून एक नियम घुसवला होता. गूगलने सुरू होणारं आणि डॉट एचटीएमएलने संपणारं कुठलंही नाव मागितलं तर ते अमुक पीएचपी फाईलकडे, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, पाठव. आणि त्या पीएचपी फाईलचं नाव असं की पन्नास खऱ्या फाईल्समध्ये ती एक्कावन्नावी म्हणून खपून जावी. ती काय करायची, तर मागितलेलं नाव वाचून तेच परत छापायचं. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण कुठलीही किल्ली घाला, उघडतं. यादीतून त्या आयडीला नुसतं काढून टाकलं असतं तर त्याने परत व्हेरिफाय दाबलं असतं की झाला पुन्हा ओनर, आणि तो आयडी बंद झाला असता तर दुसऱ्या आयडीने. हुशारी बघून राग आणि कौतुक दोन्ही एकदम आलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग डोक्यात आलं की नवीन ओनर व्हेरिफाय झाला की गूगल आधीच्या सगळ्या ओनर्सना मेल पाठवतं. आधीचा ओनर एकच होता. म्हणजे मी आले हे त्याला मेलने कळलेलं असणार, काकांना मी फोन लावायच्या आधी.

सिक्युरिटी इश्यूज वर गेले तर तिथे गूगलने आधीच नोंद करून ठेवलेली, साईट हॅक झाली आहे, नमुन्याची पानंसुद्धा दिलेली. गूगलने बिचाऱ्याने आपलं काम केलं होतं, पकडलं होतं, कळवलंही होतं. कोणाला? प्रॉपर्टीच्या ओनरला. ओनर कोण? तो. चोरी झाल्याची खबर नियमाप्रमाणे चोराच्या इनबॉक्समध्ये जात होती आणि फर्ममधल्या एकालाही काही कळायचा मार्ग नव्हता कारण त्यांच्यापैकी कोणी कधी व्हेरिफायच केलं नव्हतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आपण आपलं नावच लावलं नव्हतं."

मध्ये एक गंमत झाली. मी काकांना साईट कोलन आणि पुढे डोमेनचं नाव टाकून गूगलवर शोधायला सांगितलं, त्यांना जपानी रिझल्ट्सची पानंच्या पानं दिसली, त्यांनी एकावर क्लिक केलं तर पान सापडत नाही असं आलं. लगेच फोन, मॅडम लिंक तर उघडतच नाहीये, म्हणजे सगळं ठीक आहे ना? इथेच लोक फसतात. माणूस आला तर ४०४ दाखवायचं, गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, आला तर आख्खं दुकान मांडायचं, क्लोकिंग म्हणतात याला. तोच पत्ता मी सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये, जिथे पान गूगलला कसं दिसतं ते कळतं, टाकून लाइव्ह टेस्ट केली आणि स्क्रीनशॉट पाठवला. घड्याळं, पर्सेस, बूट, येन मधल्या किमती, आणि वर पत्ता त्यांच्या फर्मचा.

साफसफाईचं फार सांगत नाही, ती सगळीकडे सारखीच असते. आधी आहे त्या अवस्थेचा बॅकअप आणि लॉग्स बाजूला काढले, मग कोअर फाईल्स (साईट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाईल्स) नव्याने टाकल्या, वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं एक प्लगिन, म्हणजे वरून जोडलेलं सॉफ्टवेअर, उडवलं, अ‍ॅडमिनच्या यादीत एक अनोळखी युजर होता तो काढला, होस्टिंग, एफटीपी (फाईल्स चढवायचं खातं), डेटाबेस, सगळे पासवर्ड बदलले. तो नियम काढल्यावर परत गूगल१२३४ मागून बघितलं, आता ४०४ आला. तेव्हा कुठे त्या आयडीला यादीतून काढलं, म्हणजे परत यायला त्याच्याकडे काही उरलं नाही. साईटमॅप्समध्ये, म्हणजे गूगलला दिलेल्या पानांच्या याद्यांमध्ये, त्याने दोन विचित्र नावाचे साईटमॅप सबमिट करून ठेवले होते ते डिलीट केले आणि रिव्ह्यूची रिक्वेस्ट टाकली, म्हणजे साईट परत तपासा असं गूगलला कळवलं. रिक्वेस्टमध्ये काय सापडलं, काय काढलं, कसं बंद केलं हे सरळ लिहावं, नुसतं आता साईट स्वच्छ आहे म्हणून चालत नाही.

एक सल्ला त्या काळात चहूबाजूंनी येत होता की ती जपानी पानं रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये, म्हणजे बॉट्सनी कुठे जायचं नाही हे सांगणाऱ्या फाईलमध्ये, ब्लॉक करा. अजिबात करू नका. ब्लॉक केलं तर गूगलबॉट त्या पत्त्यावर जाणारच नाही, आणि गेला नाही तर पान आता नाहीये हे त्याला कळणार कसं? त्याला येऊ द्यायचं, ४०४ किंवा ४१० (पान कायमचं गेलं) बघू द्यायचं, मग ती पानं इंडेक्समधून, म्हणजे गूगलच्या साठ्यातून, गळतात. घाई असेल तर रिमूव्हल्स टूल आहे, पण ते साधारण सहा महिने लपवतं, कायमचं काढत नाही.

बिंगचं काम मुद्दाम शेवटी ठेवलं. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून थेट इंपोर्ट होतं, वेगळं व्हेरिफाय करायची कटकट नाही, आणि बिंग कोण वापरतं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगते, याहूचे रिझल्ट बिंगवरूनच येतात आणि डकडकगोचे बरेचसे. तिथे सुदैवाने कोणी पाहुणा बसलेला नव्हता. बिंगच्या फाईलचं नाव ठरलेलं असतं आणि कोड आत असतो, त्यामुळे ती नावावरची चलाखी तिथे लागूच होत नाही.

डोमेनचं लॉगिन शेवटी मिळालं, रजिस्ट्रारकडे, म्हणजे जिथे डोमेन नोंदवलं होतं त्या कंपनीकडे, फर्मचे कागद पाठवून. बघा, इथे मात्र कागद लागले. मग टीएक्सटी रेकॉर्ड टाकून डोमेन प्रॉपर्टी फर्मच्या स्वतःच्या आयडीवर केली, मी माझी फाईल काढून टाकली आणि स्वतःला फुल युजर (ओनरच्या खालची पायरी) करून घेतलं, ओनर नाही. माझ्यासारखे बाहेरचे लोक ओनर म्हणून पडून राहतात आणि वर्षांनी कोणाला आठवतही नाही ही कोण ते. काकांना बजावलं की व्हेरिफाय झालं म्हणून तो रेकॉर्ड कचरा समजून काढायचा नाही, गूगल अधूनमधून परत तपासतं, नाही सापडला तर ओनरशिप जाते.

रिव्ह्यू पास झाला. जपानी पानं गळतायत, हळूहळू, काकांना वाटतं त्यापेक्षा फारच हळू. आणि आता ज्यासाठी मला मुळात बोलावलं होतं तो प्रश्न उरला, साईट त्यांच्या स्वतःच्या कामासाठी का दिसत नाही. त्याचं उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. चोराच्या हरेक पानाला वेगळं, नीट लिहिलेलं टायटल होतं, साईटमॅप व्यवस्थित, पानं एकमेकांना लिंक केलेली. फर्मचा स्वतःचा साईटमॅप नव्हताच, आणि होमपेजचं टायटल होतं, "होम". बाकी निम्म्या पानांचंही तेच. काकांना ती यादी पाठवली आहे, प्रत्येक पान कशाबद्दल आहे ते एका ओळीत लिहून द्या म्हणून. सात-आठ ओळी आल्यात आतापर्यंत, बऱ्या आहेत.