फोंडा घाट, 14 गाड्या आणि न आलेली बॅकअप गाडी

कोल्हापूर ते मालवण आणि परत, अशी दोन दिवसांची मोटारसायकलची ग्रुप राईड होती. प्रत्येक गाडीमागे 1,500 रुपये घेतले होते. त्यात बॅकअप गाडी (अडचणीला मदत म्हणून मागनं येणारी), मेकॅनिक आणि प्रथमोपचाराचं सामान येणार, असं ग्रुपवर स्पष्ट लिहिलं होतं. शनिवारी पहाटे साडेपाचला रंकाळा टॉवरपाशी जमलो तेव्हा कळलं की गाडी "मागनं येणार हाय". दोन दिवसांत ती कुठंच दिसली नाही. प्रथमोपचाराचं सामान म्हणजे एकाच्या टँकबॅगेत कापसाचा गुंडाळा आणि दोन बँडेज. पैसे परत मागितले, अजून मिळालेले नाहीत. म्हणून पहिला सल्ला हाच: बॅकअप गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका आणि तिच्या ड्रायव्हरचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये असू द्या.

जाताना गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, कणकवली करत मालवण. दिवस छान गेला, त्यावर लिहीत बसत नाही. घोळ झाला परतीच्या वाटेवर.

रविवारी सकाळी नऊला निघायचं ठरलं होतं. जेवणं आटपून निघायलाच दीड वाजला. परत फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरी मार्गे यायचं होतं. घाटाखाली फोंड्यात चहाला थांबलो तेव्हा रांगेत सगळ्यात पुढं असणारा म्हणाला, "घाट मख्खन हाय, निवांत चढा." घाटाच्या वरच्या निम्म्यात ठिकठिकाणी डांबर उखडलेलं होतं आणि वळणांवर खडी पसरलेली. त्यानं तो रस्ता पावसाळ्याआधी बघितला होता, हे नंतर कळलं.

मी सगळ्यात मागं होतो. कुणी नेमलं नव्हतं, राहिलो इतकंच. माझ्या पुढं 22 वर्षांचा एक पोरगा, पहिलीच ग्रुप राईड. सपाटीवर तो व्यवस्थित चालवत होता. घाटात मात्र पुढच्या गाड्या वळणाआड गेल्या की तो पिळायला लागायचा. एकट्यानं तो तसा चालवला नसता. मागं पडायची भीती त्याच्याकडून ते करून घेत होती.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. रांगेतला सगळ्यात पुढचा ताशी 50 नं चालतो. वळणाला 30 वर येतो आणि वळण सुटलं की पुन्हा 50 धरतो. त्या वेळी दहावा-बारावा अजून वळणाच्या अलीकडंच 30 वर असतो. अंतर वाढतं, ते भरायला त्याला 65-70 नं जावं लागतं. रबर ताणून सोडावं तसं हे प्रत्येक वळणाला होतं. त्यामुळं पुढच्याला वाटतं आपण आरामात चाललोय आणि शेपटीला असलेले जीव मुठीत धरून पळत असतात. आणि आपण सगळे नवख्यालाच मागं ठेवतो. हे चूक आहे. नवखा पुढच्याच्या लगेच मागं पाहिजे, म्हणजे सगळ्यांचा वेग त्याच्या वेगानं ठरतो.

ते वळण उजवीकडचं होतं. उजव्या वळणावर आपण बाहेरच्या कडेला असतो आणि ट्रकच्या चाकांनी उडालेली खडी नेमकी तिथंच साठते. पोराचा ब्रेकलाइट लागला तो विझलाच नाही. गाडी वळायच्या ऐवजी सरळ उभी झाली आणि मान कठड्याकडं. जिकडं नजर तिकडं गाडी, हे आपण शंभरदा ऐकलेलं असतं. मी ते त्या दिवशी दहा-बारा फुटांवरून बघितलं. मागचं चाक खडीवर सुटलं, पोरगा डाव्या खांद्यावर आपटला आणि गाडी घसरत कठड्याला जाऊन थांबली.

बारा गाड्या पुढं निघून गेल्या. त्यातला एकच परत आला, पोराचा मित्र, कारण त्यानं आरशात बघितलं होतं आणि दिवा दिसला नव्हता. आमच्या दोघांच्याही मोबाइलला रेंज नव्हती. वर चाललेली एसटी थांबवली आणि ड्रायव्हरना निरोप दिला, "मामा, दाजीपूरला बुलेटवाली पोरं थांबली असतील, त्यांना सांगा." तो निरोप पोचेपर्यंत तिकडं कुणाला काही पत्ता नव्हता. 50 मिनिटं. चहा पिऊन झाला होता म्हणे, मोजणी कुणी केलीच नव्हती.

पोराचं हेल्मेट आम्ही काढलं नाही. शुद्धीत होता, श्वास नीट होता, हातपाय हलवत होता. मान वाकडी करून हेल्मेट ओढायची घाई करू नका. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तरच, तेही दोघांनी, एकानं मान धरून. रेंज असेल तर 108 लावा. आम्हाला नारळ घेऊन जाणारा एक पिकअपवाला भेटला. त्यानं पोती बाजूला सारून पोराला बसवलं, मित्राला बरोबर घेतलं आणि खाली कणकवलीला नेलं. एक रुपया घेतला नाही. गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं, त्यावर निभावलं.

मोडलेली गाडी कोल्हापूरला आणायला टेम्पोवाल्यानं 6,000 मागितले. "रात्रीचं घाटातनं कोण येणार?" म्हणाला. दिले, दुसरा इलाज नव्हता. माझ्या मते 3,500 च्या वर त्याचं काही होत नव्हतं. आपल्या विम्यात रोडसाईड असिस्टन्स, म्हणजे वाटेत बंद पडलेल्या गाडीसाठी मदत, आहे का, हे निघायच्या आधी बघून ठेवा. त्या पोराच्या विम्यात होतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

दाजीपूरहून तिघं दोन गाड्यांवर खाली आले होते, त्यातल्या एकानं मित्राची गाडी घेतली. चार गाड्या निघालो तेव्हा अंधार पडला होता. हे जंगल गव्यांचं आहे. एक गवा रस्ता ओलांडून गेला म्हणून पुढं घुसू नका, मागं कळप असतो. लांबच थांबा, हॉर्न नको, अप्पर लाइट नको. आम्हाला दोन दिसले, दहा मिनिटं थांबलो.

राधानगरीच्या पुढं कोल्हापूरपर्यंत 50 किलोमीटरच्या आसपास, आणि डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. सगळ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त भीती इथं वाटली. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं उसाचे शेंडे लोंबतात आणि त्याखाली लाल रिफ्लेक्टर झाकून जातो. समोरनं एकच दिवा येतोय म्हणून मोटारसायकल समजू नका. तो एका दिव्याचा ट्रॅक्टर असू शकतो आणि त्याची रुंदी तुम्हाला शेवटच्या क्षणी कळते. भोगावतीच्या अलीकडं एका ठिकाणी पुढच्यानं एकदम हात खाली केला आणि आम्ही थांबलो. रस्त्यात डोक्याएवढे चार दगड, रांगेनं. पंक्चर झालेल्या ट्रॉलीच्या चाकाला लावलेले. ट्रॉली गेली, दगड तिथंच. उतरून चौघांनी ते चारीत टाकले. आमच्यात नीट अंतर होतं म्हणून पुढचा थांबला तसे मागचेही थांबू शकले. हंगामात या रस्त्यावर अंधारात ग्रुपनं येऊच नका. मालवण नऊला सोडा, नाहीतर मुक्काम वाढवा.

पुढची राईड मी याच अटींवर करणार आहे. 14 गाड्या असतील तर सातच्या दोन तुकड्या, दोन्हींना पुढं एक आणि शेवटी एक जाणता माणूस, मध्ये दहा मिनिटांचं अंतर. सरळ रस्त्याला एक डावीकडं एक उजवीकडं, दोन सेकंद सोडून. घाटात एकामागं एक, आणखी अंतर ठेवून. प्रत्येकानं फक्त आपल्या मागच्याचा दिवा सांभाळायचा. तो आरशात दिसेना झाला की वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर थांबायचं. असं केलं की रांग आपोआप पुढच्यापर्यंत थांबते, मोबाइलला रेंज असो-नसो. फाट्यावर मागचा आल्याशिवाय हलायचं नाही. पेट्रोल सगळ्यात लहान टाकीच्या हिशोबानं. आणि पुढच्यानं "ये ये" म्हणून हात केला तरी ओव्हरटेक आपल्या डोळ्यांनी बघून करायचा. त्याला मोकळा दिसलेला रस्ता तुम्ही तिथं पोचेपर्यंत मोकळा राहत नाही.

साडेनऊला रंकाळ्यावर पोचलो. बाकीचे कधीच घरी गेले होते. पोराच्या आईचा फोन मलाच आला, कारण ग्रुपवर कुणाच्याच घरचा नंबर दुसऱ्याकडं नव्हता आणि मित्रानं माझा दिला होता. आता निघायच्या आधी प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा नंबर कागदावर लिहून ती यादी पुढच्याच्या आणि शेवटच्याच्या खिशात ठेवतो.