पांढरं जातं, कंबर दुखते आणि माझी पीएचडी

माझा विषय काय म्हणून कोणी विचारलं की मी आधी समोर कोण आहे ते बघते. फोंड्याला लग्नाच्या पंगतीत असेन तर "पब्लिक हेल्थ", म्हापशाच्या बाजारात ओळखीची भेटली तर "बायकांचं आरोग्य", आणि खरंच ऐकायची तयारी दिसली तरच "लैंगिक आणि प्रजनन आरोग्य". त्यावरही अर्धे लोक मला गायनॅक समजून मोबाईलवरचा सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करतात. अहो मी डॉक्टर आहे पण पीएचडीवाली, सोशल वर्कमधून आलेली, तुमचा फायब्रॉइड मला काय कळणार!

(र. धों. कर्व्यांनी गणित शिकवता शिकवता 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली. त्या मानाने माझं बरंच बरं चाललंय.)

या विषयात ओढलं ते गडचिरोलीच्या पेपरने. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा, 1989 चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला. दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या तर 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आयुष्यात त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. तोवर सरकारदरबारी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण नाहीतर नसबंदी, मधलं सगळं आयुष्य गायब. 1994 ला कैरोची लोकसंख्येवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, मग प्रजनन आरोग्य हे प्रकरण कागदोपत्री तरी सगळीकडे आलं.

पण माझं डोकं खरं फिरवलं ते आपल्या गोव्यातल्याच हळदोण्याच्या अभ्यासाने. संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमने हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या 18 ते 45 वयाच्या जवळपास अडीच हजार बायका घेतल्या, लॅबमध्ये इन्फेक्शन तपासली आणि सोबत झोप, थकवा, उदासी, घरातला त्रास हेही विचारलं. निघालं काय, तर अंगावरून पांढरं जातं ही तक्रार इन्फेक्शनपेक्षा मनावरच्या ताणाशी आणि कारण न सापडणाऱ्या दुखण्याखुपण्याशी जास्त घट्ट जोडलेली. आणि दवाखान्यात चालतं काय, तर बाईने पांढरं जातं म्हटलं की हिरवं किट हातात, आत सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, झालं. गोळ्या वाईट म्हणत नाही मी, इन्फेक्शन असेल तर त्या हव्यातच, पण इन्फेक्शनच नसेल तर ती बाई महिन्याभराने तीच तक्रार घेऊन परत त्याच लाईनीत उभी राहणार ना?

म्हणून मी माझ्या पीएचडीला डिचोली आणि सत्तरीतली गावं घेतली. खाणपट्टा. 2012 ला खाणी बंद झाल्या, मधे जरा सुरू झाल्या, 2018 ला परत बंद, आणि खनिज वाहायला घरोघरी कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे. मला वाटत होतं बायका लाजतील. लाजल्या नाहीत, अडलं ते सहीवर! संमतीपत्र पुढे केलं की "सही कित्याक गो बाय?" (सही कशाला गं बाई?), कारण गोव्यात कागदावर सही म्हटलं की कूळ-मुंडकाराची (दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार) केस आठवते, घर-जमीन जायची भीती. मग तो कागद शेजारच्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यायचा, पंचायतीतल्या कोणाला दाखवायचा, अर्धा दिवस तिथेच जायचा.

दुसरी अडचण सासू. प्रश्न खासगी, इंटरव्ह्यू एकटीचाच व्हायला हवा आणि सासूबाई सोप्यावरून हलत नाहीत. माझी फील्ड असिस्टंट तिथलीच, ती "मामी, यंदा भिरंडं किती झाली दाखवा बघू" (भिरंडं म्हणजे कोकमाची फळं) म्हणत त्यांना परसात घेऊन जायची. संशोधन पद्धतीच्या कुठल्याच पुस्तकात हे नाही पण माझा निम्मा डेटा त्या भिरंडांमुळे आलाय.

अशाच एका घरी सूनबाईने पांढरं जातं, कंबर दुखते, चक्कर येते एवढं भराभर सांगितलं आणि मी कधीपासून विचारलं तर म्हणाली, "ट्रक बंद पडला तेव्हापासून." मग हप्ते, बँकेची माणसं, नवऱ्याची दारू, रात्री तो जवळ आला की नको म्हणायची सोय नाही, असं सगळं एकामागून एक आलं. माझ्या फॉर्मवर त्या सगळ्याला मिळून दोन चौकोन होते, हो आणि नाही. मी फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. गाईड आधी वैतागले, मग तेच म्हणाले क्वालिटेटिव्ह चॅप्टर, म्हणजे आकड्यांऐवजी बायकांच्या बोलण्यावरचा, वाढव.

आता कॉलेजवयीन मुलींवर काम करायचंय आणि तिथे पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, आडवा येतो. 2012 च्या या कायद्याने 18 खालच्या मुलीचे संबंध, तिच्या मर्जीने असले तरी, गुन्हाच, आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं, संशोधकही त्यात आला. म्हणजे मी तिला "तू सांगशील ते गुप्त राहील" असं सांगूच शकत नाही. वर आईबापांची संमतीही घ्यायची! कायदा मुलांना वाचवायलाच केलाय, त्याबद्दल वाद नाही, पण 16-17 वर्षांची मुलगी गर्भनिरोधक गोळी कुठून आणते, कोणाला विचारते, हे विचारायचं कसं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

एथिक्स कमिटीने प्रपोजल परत पाठवलं, वयाच्या मुद्द्यावरच. मी 18 ते 24 करून पुन्हा दिलंय आणि एक प्रश्न घुसवलाय, "तुम्ही शाळेत होता तेव्हा हे कोणाला विचारलं होतं?" बघू, तो तरी राहतो का.