जांभ्याच्या कातळातून दहा गिगाबिट

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या विद्यापीठात कांदळवनांच्या ड्रोन छायाचित्रांवर काम करणारा गट एका मोहिमेत सुमारे एक टेराबाइट डेटा जमवतो. १०० मेगाबिटच्या जोडणीवर तो पाठवायला, सगळे सुरळीत चालले तरी, बावीस तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून विद्यार्थी हार्ड डिस्क पिशवीत घालून रात्रीच्या एसटीने पुण्याला जात. संशोधनासाठी दहा गिगाबिटचे स्वतंत्र जाळे उभारण्याचे काम माझ्याकडे आले ते यामुळेच.

प्रयोगशाळेपर्यंत सिंगल मोड फायबर (लांब पल्ल्याची काचेची तार) नेण्यासाठी चर खणावा लागला. जांभा ताजा कापला की मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, हे पुस्तकात वाचले होते. आठवडाभर उघड्या राहिलेल्या चराची कड पुन्हा तासताना मुकादमाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर ते विसरणे शक्य नाही. पाऊस सुरू होण्याआधी नळी पुरून झाली, एवढेच समाधान.

खरा वाद फायरवॉलवरून झाला. कार्यालयीन फायरवॉल, म्हणजे जाळ्यात येणारी-जाणारी रहदारी तपासणारी यंत्रणा, हजारो छोट्या प्रवाहांसाठी बनलेली असते. एकच मोठा प्रवाह उसळला की तिचा बफर (तात्पुरती साठवण) भरतो, थोडी पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गळतात, टीसीपी (डेटा नीट पोहोचवण्याची नियमावली) त्याला गर्दी समजून वेग उतरवतो आणि ठिकाण जितके दूर तितका तो सावरायला उशीर लागतो. यावर अमेरिकी ऊर्जा विभागाच्या ईएसनेट जाळ्यातून पुढे आलेली ‘सायन्स डीएमझेड’ ही रचना आम्ही घेतली. तिच्यात डेटा पाठवणारे यंत्र फायरवॉलमागे न ठेवता आवाराच्या सीमेवरील राउटरजवळ ठेवतात आणि ठरावीक पत्ते व पोर्ट (यंत्रावरील सेवांचे क्रमांक) यांनाच वाट देतात. ‘फायरवॉलच्या बाहेर’ या दोन शब्दांनी समितीच्या दोन बैठका खाल्ल्या. त्यांची भीती मला अनाठायी वाटली नाही, म्हणून परवानगीची यादी मी त्यांच्यासमोर एकेक ओळ वाचून दाखवली.

जोडणी सुरू झाली, पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारा छोटा संदेश) चालले, लॉगिनही झाले, पण फाइल पाठवायला घेतली की सारे गोठून जाई. दोन दिवस मी ऑप्टिक (फायबरच्या टोकाचे प्रकाश पाठवणारे भाग) बदलत बसलो. अखेर पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करून ८९७२ बाइटचे (शीर्षमाहितीसह ९०००) पिंग पाठवले, तेव्हा ते मधल्या एका स्विचवर मुकाट गडप झाले: दोन्ही टोकांना एका पॅकेटसाठी ९००० बाइटची मर्यादा होती, तो स्विच मात्र १५०० वरच राहिला होता. त्यावर एक ओळ बदलली आणि त्याच दुपारी पहिली मोहीम अर्ध्या तासाच्या आत पुण्याला पोहोचली.