400 किलोमीटर, दोन मुलं आणि एक डुगडुगणारी सीट

पहाटे साडेपाचला निघालो. मागच्या सीटवर एका बाजूला 14 महिन्यांची धाकटी, दुसऱ्या बाजूला सहा वर्षांचा थोरला. धाकटीची कार सीट आदल्या रात्री मीच बसवली होती आणि 'एकदम घट्ट बसलीय' असं घरभर सांगितलंही होतं. पहिल्या थांब्यावर तिला उचलताना सीटवर हात टेकला, तर अख्खी सीट दाराकडे सरकली. पोटात गोळाच आला.

आमच्या गाडीत आयसोफिक्स (कार सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायची सोय) नाही, सीट गाडीच्या बेल्टनेच बांधावी लागते. आमची सीट दोन्ही दिशांनी, म्हणजे मुलाचं तोंड पुढे किंवा मागे करून, बसवता येते आणि प्रत्येक दिशेसाठी बेल्टची वाट वेगळी आहे. रात्री घाईत मी भलत्याच वाटेने बेल्ट घातला होता, वर त्याला पीळही पडलेला. तिथेच सगळं सोडवलं. एक गुडघा सीटमध्ये रोवून, अंगाचा भार देत बेल्ट खेचला. मग बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवून पाहिलं. तिथे सीट कुठल्याही बाजूला 2.5 सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. वरचं टोक धरून हलवू नका. मागे तोंड असलेली सीट तिथे थोडी डुलतेच, उगाच धास्ती बसते.

हो, धाकटीचं तोंड अजून मागेच. 'पाय दुमडतात बिचारीचे' हे ऐकून ऐकून कंटाळलोय. दुमडू देत. या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. समोरून धडक बसली तर सीटची पाठ डोकं, मान, पाठ एकत्र सावरते. सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत ती अशीच बसणार. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल, तर तिथे अशी सीट कधीही लावू नका.

दुसरी चूक जाडजूड जाकिटाची. थंडी म्हणून धाकटीला ते घालून त्यावरूनच सीटचे पट्टे आवळले होते. जाकीट काढून तेच पट्टे पुन्हा लावले, तर आत माझी मूठ जाईल एवढी ढील. धडकेत जाकीट असंच चेपतं. आता आधी पट्टे, मग वरून पांघरूण. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता आला, तर तो अजून सैल आहे.

थोरल्याने वेगळीच डोकेदुखी दिली. त्याच्या बूस्टरला (गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक) पाठ नाही, त्यामुळे झोप लागली की तो एका अंगाला कलंडायचा आणि बेल्ट मानेशी यायचा. लांब पल्ल्याला पाठ असलेलाच बूस्टर घ्या, हे मला उशिरा कळलं. बेल्ट पोटावर नको, मांड्यांच्या वरच्या टोकाशी सपाट हवा, आणि खांद्याच्या मधोमध. बूस्टरशिवाय बेल्ट असा नीट बसायला मुलाची उंची साधारण 145 सेंटिमीटर लागते, म्हणजे बूस्टर अजून काही वर्षं आहेच.

परतीच्या वाटेवर धाकटीने रडून आकांत मांडला. बायको म्हणाली, "दोनच मिनिटं घेऊ का मांडीवर?" माझंही मन डळमळलं. पण ताशी 50 किलोमीटरला धडक बसली, तर 10 किलोचं मूल हातांना सहज 200 किलोंचं होतं. कोण धरणार? गाडी बाजूला घेतली, तिला उतरवलं, फिरवलं, पुन्हा बांधलं. उन्हात उभ्या गाडीत बक्कल चटका देण्याइतकं तापलं होतं, तेव्हा थांबताना सीटवर कापड टाकून ठेवा.

दर दोन तासांनी थांबलो आणि प्रत्येक वेळी सीट नव्याने हलवून पाहिली. घरी पोहोचायला दीड तास जास्त लागला. तेवढा धरूनच निघा.