सकाळची सायकल

साताऱ्यात चाळिशी ओलांडलेलं माणूस भरदुपारी सायकलीवर दिसलं की लोकांना दोनच शक्यता सुचतात. एक तर गाडी बिघडली असेल, नाहीतर शुगर वाढली असेल. तिसरीही एक शक्यता असते, की बाईला सायकलीवरून जावंसं वाटलं आणि ती निघाली. पण ती अजून गावाच्या पचनी पडलेली नाही. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतचा चढ मी सायकलीवर चढत असले तर निदान एकजण तरी स्कूटर हळू करून, चेहऱ्यावर सहानुभूती आणून, "सोडू का मॅडम?" असं विचारतोच. आता सायकल कुठे ठेवून सोडणार, हे त्यालाही माहीत नसतं.

हे झालं दुपारचं. पहाटे पाच ते साडेआठ या वेळात मात्र याच गावात सायकल भलतीच प्रतिष्ठित असते. रविवारी उजाडायच्या आत समर्थ मंदिरापाशी जाऊन उभं राहावं. अंधारात लाल टेल लाइट लुकलुकत असतात. कुणी पंपाने हवा मारतंय, कुणी मोबाइलवर राइडची नोंद ठेवणारं स्ट्रावा अ‍ॅप सुरू करतंय, आणि एकजण हमखास उशिरा येणार असतो, त्याच्या नावाने सगळे ओरडत असतात. दाताचे डॉक्टर आहेत, विमा एजंट आहेत, हायस्कूलचे सर आहेत, बांधकामवाले आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, इंजिनीअरिंगची पोरं आहेत. एरवी ही मंडळी एकत्र आली तर लग्नाच्या पंगतीतच, आणि तिथेही वेगवेगळ्या ओळींत बसतील.

इथून यवतेश्वरचा घाट सुरू होतो, आणि पहिल्या दोन वळणांतच गावाची सगळी मानाची उतरंड उलटी होते. बांधकामवाले, ज्यांच्यापुढे एरवी चार माणसं उठून उभी राहतात, ते शेवटी असतात. एसटीचे काका जुन्या हायब्रीड सायकलीवर, तोंडाने हरिपाठ पुटपुटत, सगळ्यांच्या पुढे गेलेले असतात. गाव सातशे-साडेसातशे मीटर उंचीवर आणि कासचं पठार बाराशेच्या आसपास. मधलं अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. कागदावर हा काही फार मोठा चढ दिसत नाही. पण घाट संपला म्हणून हुश्श करावं, तर पेट्रीच्या पुढे रस्ता पुन्हा वरखाली करायला लागतो, आणि पावसाळ्यात पठारावर समोरून जो वारा येतो, त्यात उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं. ज्याने हे अनुभवलं नाही त्याला ते खोटं वाटतं.

कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आणि तेव्हापासून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हा रस्ता आमचा राहत नाही. फुलं बघायला आलेल्या गाड्यांची रांग लागते. आम्ही मग आणखी तासभर लवकर निघतो. धुक्यात फुलं काही दिसत नाहीत, पण गाड्याही दिसत नाहीत.

राइडचं अंतर सगळे किलोमीटरमध्ये सांगतात. ठरवतात मात्र पोहे कुठे मिळतील त्यावरून. सज्जनगडाकडे गेलं तर एक टपरी, लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीकडे गेलं तर दुसरी, संगम माहुलीकडे फक्त चहा, म्हणून तिकडे कुणी फारसं जात नाही. घाटात जाळलेल्या कॅलरीज आणि वर खाल्लेल्या कांदाभजी यांचा हिशेब एकदा विमा एजंटांनी मांडून दाखवला होता. त्यानंतर त्यांना कुणी हिशेब मांडू देत नाही.

या मंडळींच्या जर्सीबद्दल माझं एक मत आहे. तिचं काम घाम शोषायचं, असं दुकानदार सांगतो. पण छोट्या शहरात तिचं खरं काम ओळखपत्राचं असतं. भडक पिवळी जर्सी, हेल्मेट, पॅड लावलेली शॉर्ट आणि काळा गॉगल घातला की रस्त्यावरच्या प्रत्येकाला न बोलता कळतं, की या माणसाच्या घरी चारचाकी आहे. तीच सायकल, तोच माणूस, पण अंगात साधा शर्ट आणि हँडलला पिशवी असली, की लगेच "काय हो, बरं चाललंय ना?" माझ्या लहानपणी सायकलीला हे स्पष्टीकरण द्यावं लागत नसे. वडील कचेरीत सायकलीनेच जात. पँटच्या पायाला क्लिप, मागे कॅरियरला डबा, आणि दसऱ्याला झेंडूची माळ. रात्री डबलसीट आणि विनादिव्याचे पकडले गेले, की त्याची चर्चा आठवडाभर चाले. मग लुना आली, एम-एटी आली, आणि आमच्या चढाच्या गावाने इतर गावांपेक्षा जरा जास्तच घाईने पायडल मारायचं सोडून दिलं. त्यात गावाचा फार दोष नाही. सकाळी उतारावरून कामाला जायचं आणि संध्याकाळी दमलेल्या पायांनी चढायचं, हे ज्याने वर्षानुवर्षं केलं, त्याला मोपेड म्हणजे देवाघरचं देणंच वाटलं असणार.

सायकल परत आली ती डॉक्टरांच्या हातून. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका जोडीने पूर्ण केली. त्याच सुमारास तालुक्यातालुक्यांतल्या दवाखान्यांच्या पार्किंगमध्ये कारशेजारी गिअरची सायकल दिसू लागली. डॉक्टर पेशंटला काय सांगतात ते कुणी फार ऐकत नाही, पण डॉक्टर स्वतः काय करतात ते गाव बरोबर बघून ठेवतं.

मग ब्रेव्हे आली, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. मला या प्रकाराचं मनापासून कौतुक आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस, सहाशे चाळीस; हे चारही एकाच हंगामात केले की तुम्ही एसआर, म्हणजे सुपर रँडोनियर. रस्त्यात पंक्चर झालं तर ते स्वतः काढायचं, ठरलेल्या ठिकाणी ब्रेव्हे कार्डावर शिक्का घ्यायचा आणि वेळेत पोचायचं. बास. पुण्याहून निघणाऱ्या कितीतरी ब्रेव्हे महामार्गाने आमच्याकडे येतात. खंबाटकी चढून आलेले, मीठ साचून पांढरे झालेले चेहरे वाढे फाट्यावर उसाचा रस पिताना दिसतात. त्या सगळ्या घामाची अंतिम नोंद होते ती ब्रेव्हेंना मान्यता देणाऱ्या पॅरिसच्या क्लबात. आणि गंमत म्हणजे तिथे नंबर लावतच नाहीत. सहा तासांत आलेला आणि शेवटच्या मिनिटाला आलेला, दोघांची नावं एकाच यादीत, आडनावाच्या अक्षरानुसार. आमच्यातला एक पोरगा पहिली दोनशेची ब्रेव्हे करून रात्री घरी गेला तर आईने विचारलं, "कितवा आलास?" नंबर नसतो म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "म्हणजे शेवटून आलास होय," म्हणाली आणि ताट वाढलं.

सायकलवारीचं तसं नाही. ती कुणाच्याही आईला लगेच कळते. आषाढीच्या आधी, पंढरपुरात गर्दी व्हायच्या आत, गावोगावचे सायकलवाले तिकडे निघतात. नाशिककरांची वारी मोठी आणि मुक्कामांची. आमचं पंढरपूर त्या मानाने दारात आहे: कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, की पुढे पंढरपूर, सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. पहाटे निघालं तर गोंदवल्याला प्रसादाच्या वेळेला पोचता येतं, आणि ही वेळ साधण्यासाठी जितका जोर लावला जातो तितका कुठल्याही शर्यतीत लागत नसेल. या एका दिवशी सर, मॅडम, डॉक्टर, शेठ सगळं गळून पडतं आणि प्रत्येकजण माउली होतो. "माउली, उजवीकडून येतोय!" "माउली, खड्डा!" "माउली, चेन उतरली तुमची!" माणदेशात शिरल्यावर झाडं संपतात, पाऊस मागे घाटमाथ्यावर राहतो, आणि सायकल अचानक पंख फुटल्यासारखी पळायला लागते. ही विठ्ठलाची कृपा, असं एसटीचे काका मानतात. शाळेतले सर भूगोल शिकवतात. त्यांच्या मते हा नैर्ऋत्य मोसमी वारा आहे आणि आपण पूर्वेला चाललो आहोत. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत असतं: येताना सायकली टेम्पोत टाकायच्या.

याउलट ३ जून. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये हा जागतिक सायकल दिन ठरवला, आणि छोट्या शहरांना निमित्त मिळालं. एकाच मापाचे, बहुतेकांना ढगळ होणारे टी-शर्ट वाटले जातात. पाहुणे मोठ्या गाडीतून येतात, हिरवा झेंडा दाखवतात, कुणाची तरी सायकल मागून घेऊन कोपऱ्यापर्यंत चालवतात आणि फोटो झाला की गाडीत बसतात. मी हे चेष्टेने लिहिते खरं, पण त्या रॅलीत मागे मागे रेंगाळणारी चौथी-पाचवीतली पोरं असतात, वीस वर्षांनी सायकलीवर बसलेल्या, पदर खोचून घेतलेल्या बायका असतात. एरवी वाहनांनी भरलेला राजपथ त्यांना अर्धा तास मोकळा मिळतो, आणि त्यांचे चेहरे बघितले की पाहुण्यांचं सगळं माफ करावंसं वाटतं. मात्र याच तारखेला, २०२० साली, अ‍ॅटलास या सायकल कंपनीने आपला साहिबाबादचा कारखाना बंद केला, हे कुठल्याच भाषणात येत नाही. ज्या काळ्या सायकलीवर अर्ध्या देशाचा डबा कामाला गेला, तिचा कारखाना सायकल दिनीच थांबला.

ती काळी सायकल आमच्या रस्त्यावर अजून आहे, फक्त आमच्या ग्रुपमध्ये नाही. सकाळच्या पाळीला एमआयडीसीत निघालेला कामगार, पेपर टाकणारी पोरं, सायकल स्टँडवर लावून पायडलवर दगड फिरवणारा कात्र्या-सुऱ्यांचा धारवाला. आम्ही वेगाने त्यांच्या बाजूने निघून जातो, क्वचित घंटी वाजवतो. घंटी कसली, आमच्यातल्या निम्म्यांच्या सायकलींना ती नाहीच. पेपरवाला पोरगा रोज किती चढतो हे कुठल्याच अ‍ॅपवर नोंदलं जात नाही, आणि तो चढतोही विनागिअर. एकदा पोहे खाताना एका कामगाराने डॉक्टरांच्या सायकलीकडे बघत "केवढ्याला?" असं विचारलं. डॉक्टरांनी निम्मी किंमत सांगितली. घरीही त्यांनी तीच सांगितलेली आहे. तरी तो माणूस बराच वेळ सायकलीभोवती फिरला, मागचं चाक उचलून हाताने फिरवलं आणि म्हणाला, "औट आलाय जरा. काढून घ्या." आणि खरंच आला होता.

औट काढायला आम्ही जातो ते एका जुन्या मिस्त्रींकडे. गिअरच्या सायकलींचं चकचकीत दुकान गावात झालंय, पण आरे घट्ट करून चाक सरळ करावं ते यांनीच. डिस्क ब्रेककडे ते आजारी जनावराकडे बघावं तसे बघतात. हवा किती भरायची, असा आकडा सांगायला गेलं तर ऐकून घेतात आणि शेवटी अंगठ्याने टायर दाबूनच बघतात. त्यांच्याकडेच मी माझ्या गिअरच्या सायकलीला कॅरियर बसवायला सांगितलं. मला ती मंडईला न्यायची होती, एवढंच कारण. मिस्त्रींना आनंद झाला. कितीतरी दिवसांत त्यांनी कॅरियर बसवला नव्हता. ग्रुपला मात्र धक्का बसला. मॅडम, वजन वाढतं, सायकलीचा लुक जातो, घाटात जाणवेल तुम्हाला. डॉक्टरांनी तर ग्रॅममध्ये आकडा सांगितला. मी स्टँडही बसवला, तेव्हा त्यांनी बोलणंच सोडलं.

आता मी दुपारी मेथीच्या जुड्या, दुधी, नारळ असं सगळं त्यावर बांधून चढाने घरी येते आणि मला कुणी सोडू का म्हणून विचारलं तर त्याच्याकडे नारळ देते. रविवारचा बदल मात्र मी योजला नव्हता. पावसाळा लागल्यापासून समर्थ मंदिरापाशी मी पोचले, की एकेकजण रेनकोट घेऊन माझ्या सायकलीमागे येऊन उभा राहतो. कुणाची केळी, कुणाची जादा ट्यूब, बांधकामवाल्यांचा टॉवेल. पहिल्यांदा आपलं बोचकं आणून बांधलं ते डॉक्टरांनी, आणि दोरी घट्ट आहे ना हे दोनदा बघितलं. मग ते हलक्या सायकलीवरून पुढे निघून जातात, आणि मी वर पोचेपर्यंत पोहे गार झाले म्हणून माझ्यावरच चिडतात.